पेवात टांगलेली डबी

१९९५ साली दिवाळी झाली तेव्हा मला चौसष्ट वर्षं पुरी झाली होती. डोळ्याला चष्मा नव्हता, हातात काठी नव्हती, आणि दुसऱ्याच्या दारातून उसनी वस्तू आणायची सवय नव्हती. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण घर बांधायला, पेव भरायला आणि माणूस ओळखायला तिसरीच्या पुढं लागत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. आता तेवढ्या जोरात म्हणत नाही. का म्हणत नाही ते लिहितो.

आमचं गाव जामखेडच्या अलीकडं, कोरडवाहू. घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत, आणि पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती. उन्हाळ्यात बाहेर भाजून निघालं तरी आत गारवा. पुढं ओटा, मग माजघर, आणि माजघराच्या मागं एक खोली. तिला खिडकी नव्हती. उजेड यायला माळवदाला मूठभर भोक होतं, तेवढंच. तिला आम्ही बाळंतिणीची खोली म्हणायचो. मी त्या खोलीत जन्मलो, माझी भावंडं, माझी पोरं, आणि माझ्या दोन थोरल्या लेकींची पहिली मुलंही तिथंच झाली. बाळंतीण आत गेली की सव्वा महिना दार लोटलेलं, खाटेखाली शेगडी, आणि माळवदाच्या भोकावर पोतं. वारं म्हणून लागू द्यायचं नाही.

याच खोलीच्या कोपऱ्यात पेवाचं तोंड होतं. आजकालच्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट खाली घागरीसारखं फुगलेलं. गावठाणाच्या पांढरीत खणलं तर पाणी झिरपत नाही, आणि ज्वारी वर्षंच्या वर्षं टिकते. आमचं पेव आजोबांनी चोरांच्या भीतीनं घराच्या आत खणलं. भरलं की वर फरशी, फरशीवर माती, मातीवर सारवण. कळायचंसुद्धा नाही खाली काय आहे.

पेवाला एक नियम असतो. उघडलं की लगेच उतरायचं नाही. दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. मी लहान असताना शेजारच्या आळीत एक गडी कंदील न सोडता उतरला आणि खालीच राहिला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही राहिला. आमच्या घरात अशी चूक कधी झाली नाही.

तरी आमच्या मंडळीला पेवाची धास्ती. लग्न होऊन आली तेव्हापासून एकच पालुपद. "आवं, ते भोक बुजवा. बाळंतिणीच्या उशाला कशाला हवं मरनाचं तोंड?" बाकी गावानं पेवं सोडून पत्र्याच्या कोठ्या आणल्या, तेव्हा तिला आणखी जोर चढला. मला लोक म्हणायचे, म्हातारा पेव उरावर घेऊन जाणार. मी म्हणायचो, जाईन. माझं आहे.

तर त्या दिवाळीनंतर नगरच्या एका कॉलेजातून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या डब्या. चहाच्या पेल्याएवढी एकेक डबी, वर नंबराचं लेबल, आत तळाशी नखाएवढा फिल्मचा तुकडा. गावातली वीसेक घरं त्यांनी निवडली होती, त्यात माझं होतं. ओट्यावर बसून त्यांनी समजावलं.

"बाबा, जमिनीतून, दगडातून एक वायू थोडा थोडा निघत असतो. रेडॉन म्हणतात त्याला. वास नाही, रंग नाही. उघड्यावर उडून जातो. बंद घरात साचतो."

"साचून काय करतो?"

"पुष्कळ असला आणि वर्षानुवर्षं छातीत गेला, तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्याकडं किती आहे ते कुणी मोजलेलं नाही. म्हणून ही डबी तीन महिने घरात टांगायची. त्या वायूचे फिल्मवर बारीक चरे उठतात. मी ते नगरला नेऊन मोजणार."

"जमिनीतली वाईट हवा ना? त्यातलं तुमी मला काय सांगता बाई. पेवावर जलम गेला माझा."

बाई हसल्या. त्यांनी डबी माजघरात तुळईला बांधली, वहीत लिहून घेतलं, आणि बजावून गेल्या. "हलवायची नाही हं. जिथं टांगली तिथंच."

त्या गेल्यावर मी डबीकडं बघत बसलो. माजघर म्हणजे येता-जाता दार उघडं, चूल पलीकडं, शेरडूसुद्धा आत येऊन जायचं. तिथं कसली वाईट हवा साचणार? शहरातली माणसं, त्यांना जागा कळली नाही. वाईट हवा बघायची तर ती जिथं असते तिथं बघावी. आम्ही कंदील काय माजघरात सोडतो का?

आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. पेव रिकामं होतं त्या दिवसांत, नवी ज्वारी यायला अवकाश होता. म्हटलं, डबी पेवात सोडू. तीन महिन्यांनी बाई सांगतील, हवा चांगली आहे. मग मंडळीच्या तोंडाला कुलूप आणि गावाच्याही. माझ्या पेवाला कॉलेजचा दाखला.

मंडळी रानात गेल्यावर फरशी सरकवली, कंदिलाच्या दोरीला डबी बांधली, खाली सोडली, आणि फरशी ठेवून कडेनं माती लिंपली. संध्याकाळी ती म्हणाली, "ती डबी कुठं गेली?"

"धुरानं खराब व्हईल म्हनून ठिवलीय नीट."

"बाईंनी हलवू नका म्हनून सांगितल्यालं."

"बाईंना घर माझं हाय ते म्हाईत हाय."

खालच्या आळीत एका घरात डबीला हळदकुंकू वाहत होते, तिथं मी हसायला गेलो होतो. म्हटलं, काय अडाणी माणसं!

महाशिवरात्रीच्या सुमारास बाई डब्या न्यायला यायच्या होत्या. आदल्या दिवशी मी डबी वर काढली, पुसली, आणि पुन्हा माजघरात तुळईला, त्याच गाठीनं. बाई आल्या, काढून पिशवीत टाकली, चहा घेऊन गेल्या. मी दाखल्याची वाट बघत राहिलो.

चैत्र उजाडला. ज्वारीची खळी झाली. पोती माजघरात रचून ठेवली होती, पेव भरायचं होतं. त्याच दिवसांत आमच्या धाकट्या लेकीला सातवा महिना संपून आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण. तिचं सासर शेवगावच्या पलीकडं. तिला कधी आणायची ते ठरवायला आमचे व्याही स्वतः आले. माणूस मनानं मोकळा, पण जीभ धारेची. त्यांचा माझ्यावर एक राग होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या वडलांपासूनची चाल. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी त्यांच्या घरी चार वेळा गेलो असेन, पण पेल्याला हात लावला नव्हता. घरून तांब्या घेऊन जायचो. बाकीचे लोक आता ते पाळत नाहीत. मी पाळायचो.

व्याही ओट्यावर बसले होते, मंडळीनं पोह्यांची ताटली पुढं ठेवली होती, आणि तेवढ्यात समोरून बाई. यष्टीतून उतरून थेट आमच्याकडं आल्या होत्या. चेहरा गंभीर.

"बाबा, बरं झालं भेटलात. तुमच्या घराचा आकडा फार मोठा आला."

मला वाटलं, मोठा म्हणजे चांगला. मी मिशीवर हात फिरवून व्याह्यांकडं बघितलं. बाई पुढं बोलल्या.

"बाकी सगळ्या घरांत अगदी कमी आहे. आपल्या काळ्या दगडात तो फारसा नसतोच. तुमच्याच घरात एवढा कसा, म्हणून मी दोनदा मोजलं. तसाच. घाबरायचं कारण नाही, दोन-चार महिन्यांत काही होत नाही. पण या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई झोपते का?"

व्याह्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "म्हंजे काय हाय घरात?"

बाईंनी त्यांनाही सांगितलं, जमिनीतला वायू, वर्षानुवर्षं, फुफ्फुस. व्याह्यांनी त्यातलं 'जमिनीतलं विष' एवढंच घेतलं. बाईंनी मला विचारलं, "डबी हलवली तर नव्हती ना बाबा? माजघरातच होती ना?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य. पण समोर व्याही, दारात मंडळी, आणि अंगणापलीकडं दोन शेजारी उभे राहून ऐकत होते.

"जिथं टांगली तिथंच हुती," मी म्हणालो.

बाईंनी लिहून घेतलं. माजघरात आणखी दोन डब्या बांधल्या, म्हणाल्या, पुन्हा तीन महिने बघू, तोवर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि बाकीच्या घरांना आकडे सांगायला पुढं गेल्या.

व्याही उठले. टोपी नीट केली.

"पाव्हणं, राग मानू नका. बाळंतपन आमच्याकडंच व्हईल."

"पहिलं बाळंतपन म्हायेरी असतं पाव्हणं."

"असतं. चांगल्या हवेच्या म्हायेरी असतं." मग हसून म्हणाले, "आमच्या घरचं पानी तुमाला चालत न्हाई, तुमच्या घरची हवा आमच्या सुनंला चालायची न्हाई. फिटंफाट झाली."

ते दुपारच्या यष्टीनं गेले.

मी ज्वारीच्या पोत्यांवर बसून राहिलो. रागात होतो. बाईंवर, व्याह्यांवर, त्या डबीवर. मनात हिशोब चालला होता की पंधरा दिवस जाऊ द्यावेत, व्याही थंड होतील, मग चार माणसं मध्ये घालून लेकीला आणू. डबीचं कुणाला सांगायची गरज नाही. पुन्हा लावलेल्या डब्या माजघरातच राहतील, आकडा कमी येईल, बाई म्हणतील मागच्या वेळी काहीतरी चुकलं. मिटलं.

मंडळीचा काही आवाज येईना म्हणून बाळंतिणीच्या खोलीत बघायला गेलो. ती खाली बसली होती, पेवाच्या फरशीपाशी. हात फरशीवर होता.

"काय करती?"

तिनं वर बघितलं नाही. "आवं, मग आपला पयला बी ह्यानंच गेला का?"

आमचा पहिला मुलगा. तो झाला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, ती सोळाची. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, पण तिचे आईवडील आधीच गेलेले, म्हणून ते याच खोलीत झालं. बारसं झालं आणि एकोणिसाव्या दिवशी पोर गेलं. ताप नाही, काही नाही. सकाळी बघितलं तर गार. गावात म्हणाले, आईच्या दुधात दोष असेल. तिनं ते ऐकून घेतलं होतं. त्यानंतर चार मुलं झाली, वाढली, मुलगा पुण्याला कंपनीत लागला, लेकी नांदायला गेल्या. त्या पोराचं नाव आम्ही दोघांनी एकमेकांसमोर कधी काढलं नव्हतं.

"म्याच त्याला घेऊन निजले हुते हितं," ती म्हणाली. "ह्या फरशीला उसं करून. सगळं लावून घेतलं हुतं, भोकावर पोतं. वारं लागू ने म्हनून. म्याच घातलं त्याला ते इस."

चव्वेचाळीस वर्षांनी ती त्या पोरासाठी रडत होती, आणि कारण होतं माझी दोरी आणि माझं खोटं. मला तिला तिथंच सांगता आलं असतं. पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं ना! डबी पेवात होती हे खरं, पण पेव याच खोलीत होतं. पोर त्याच फरशीशेजारी निजलं होतं. मग ते कशानं गेलं? बायको विचारते ते खोटं कशावरून?

पायात वहाणा घातल्या आणि स्टँडवर गेलो. बाई लिंबाखाली नगरच्या यष्टीची वाट बघत उभ्या होत्या.

"बाई, एक इचारायचं हाय. एकोनीस दिसाचं लेकरू त्या हवेनं मरतं का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कुणाचं बाबा?"

"आमचं. चव्वेचाळीस वर्सं झाली."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "नाही बाबा. तो वायू असा मारत नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात, आणि तेव्हाही सगळ्यांना नाही. तुमचं बाळ दुसऱ्या कशानं गेलं. कशानं ते आज कुणी सांगू शकणार नाही. पण यानं नाही. हे मी लिहून देते."

"शेगडीनं? दार लावून शेगडी असती."

"असेल किंवा नसेलही. ते मला खरंच सांगता येणार नाही. पण बंद खोलीत शेगडी नको हे नक्की."

या बाईला जे माहीत नव्हतं ते माहीत नाही असं ती सांगत होती. मला ते जमलं नव्हतं. मग मी बोललो.

"डबी माजघरात नव्हती. म्या पेवात सोडली हुती. तीन म्हैने."

"पेवात?"

"खोलीच्या कोपऱ्यात पेव हाय आमचं. म्हनलं वाईट हवा तितंच असती. कंदील बी आमी तितंच सोडतो."

त्या इतका वेळ बाबा-बाबा करत होत्या, पण आता चिडल्या. "बाबा, तुमच्या एका घरामुळं माझ्या वरिष्ठांनी मला दोन महिने बोल लावले! म्हणाले, तू मोजायला चुकलीस. मी डोळे फोडून पुन्हा मोजलं. आणि दुपारी मी तोंडावर विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"पाव्हणं हुतं समोर."

"म्हणजे पाव्हण्यांसमोर माझं काम खोटं ठरलं तरी चालेल, तुमचं नाही?"

मी खाली बघितलं. माझ्या लेकीच्या वयाच्या बाईनं मला स्टँडवर, चार माणसांदेखत सुनावलं, आणि मी ऐकून घेतलं.

मग त्याच थोड्या निवळल्या. वहीतलं आधीचं खोडलं, नवं लिहिलं. "कंदिलाचं काय असतं बाबा, दिवा विझवते ती हवा वेगळी. तिची परीक्षा तुमची बरोबर आहे. पण ह्या वायूत कंदील छान जळतो. त्याला कंदिलानं ओळखता येत नाही."

हे मात्र मला लागलं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कंदील जळतो म्हणजे सगळं ठीक असं धरून चाललो होतो.

"मग खोलीत वर येतो का तो? बाळंतिनीची खोली हाय ती, खिडकी न्हाई तिला."

"फरशीच्या फटीतून थोडा येणारच. आणि खोलीला खिडकी नाही म्हणता. बाळंतपण जवळ आलं असेल तर सांगते ते करा. पेवात आता काही भरू नका. तोंड सिमेंटनं पक्कं बंद करा, चीर ठेवू नका. त्यातून एक नळी काढून माळवदाच्या वर न्या, म्हणजे आतली हवा वरच्या वर बाहेर जाईल. आणि खोलीला खिडकी पाडा. मोठी. एवढं केलंत तर ती खोली गावातल्या कुठल्याही खोलीसारखी होईल."

"बाळंतिनीला वारं लागंल."

"बाळंतिणीला पांघरूण घाला. खोलीला नको."

यष्टी आली. चढता चढता म्हणाल्या, "आणि आजींना आधी सांगा."

घरी आलो तेव्हा मंडळी चुलीपुढं भाकरी थापत होती. डोळे सुजलेले. मी पाटावर बसलो. पहिल्यांदा बाळाचं सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते, शब्द न गाळता. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मग डबीचं सांगितलं. कंदिलाची दोरी, दाखल्याची हाव, सगळं.

तिनं भाकरी उलटली. फुगल्यावर काढून टोपल्यात टाकली.

"म्हंजे दुपारी म्या रडले ते तुमच्या दाखल्यापायी."

"व्हय."

"इतकी वर्सं म्या माझ्या दुधाला दोस दिला. आज घराला दिला. आता कुनाला देऊ?"

"कुनालाच नगं," मी म्हणालो. "तुजा दोस कवाच नव्हता. म्या तवाच बोलाया पायजे हुतं, लोकं बोलत हुते तवा. बोललो न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पुढची भाकरी थापून तव्यावर टाकली. मग ताटात भाकरी टाकली, वर ठेचा ठेवला, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"पेवाचं काय ठरिवलं?"

"बंद करतो. नळी काढतो, खिडकी फोडतो."

"आन ज्वारी?"

"कोठी आनू पत्र्याची."

ती माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती जे मागत होती ते मी एका घासात दिलं होतं, पण तिला त्याचं हसू आलं नाही, मला वाटलं होतं तसं. म्हणाली, "खिडकी फोडायला न्हाई लागत तुमाला कुनाची परवानगी. पर पाव्हण्यांचं काय? पोरीला कळलं आसंल आत्तापतुर. म्हायेरचं घर इसारी म्हनून."

"चिठ्ठी धाडतो त्यांना."

"चिठ्ठी न्हाई. खोटं तोंडानं बोलला, खरं बी तोंडानं बोला."

"म्या? त्येंच्या दारात जाऊन?"

"मग काय म्या जाऊ? डबी काय म्या सोडली हुती?" आणि थोडं थांबून, "भिंत तरी कशानं फोडनार? पहार तर हिरीच्या कामात वाकवून ठिवलीय."

"बघतो," मी म्हणालो आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या यष्टीनं निघालो. शेवगावला गाडी बदलली. उन्हं तापायच्या आत व्याह्यांच्या दारात होतो. सवयीनं तांब्या आणला होता, तो पायाशी ठेवला. व्याही ओट्यावर दाढी करत बसले होते, अर्ध्या गालाला साबण. शेजारी त्यांचे थोरले भाऊ तंबाखू मळत होते. मला बघून व्याह्यांचा वस्तरा थांबला.

"पाव्हणं? येवड्या सकाळी? समदं ठीक?"

"बसायला आलो न्हाई," मी उभ्यानंच म्हणालो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. "त्या बाईंची डबी माजघरात नव्हती. म्या ती पेवात टांगली हुती. इचारलं तवा खोटं बोललो, तुमी समोर हुता म्हनून. आकडा पेवाचा हाय, घराचा न्हाई. तरी बी पेवाचं तोंड बाळंतिनीच्या खोलीत उघडतं, म्हनून ते पक्कं बंद करनार हाय, नळी काढनार हाय, आन खोलीला खिडकी फोडनार हाय. बाई म्हनल्या, मग काय भ्या न्हाई. इस्वास ठिवा न्हाई तर नगरला जाऊन बाईंना इचारा."

थोरल्या भावानं तंबाखू मळायची थांबवली. आत बांगड्या वाजल्या. लेक दाराआड उभी होती, मला तिचे पाय दिसत होते.

व्याही साबणाच्या तोंडानं म्हणाले, "पेवात? तुमी डबी पेवात सोडली?"

"व्हय."

"तीन म्हैने?"

"व्हय म्हनलं ना."

ते हसायला लागले. भाऊ हसायला लागले. इतके की साबण धोतरावर पडला. माझे कान तापले, पण मी जागचा हललो नाही. दाराआडूनही हसू आलं. ते ऐकलं आणि मग मला हसण्याचं काही वाटेना.

"पाव्हणं," मी म्हणालो, "एक मागायचं हाय. तुमच्याकडं पहार हाय का बरी? माझी वाकलीय."

व्याह्यांचं हसू तिथंच थांबलं. ज्या माणसानं तीन वर्षांत त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं तो लोखंडाची पहार उसनी मागत होता. त्यांनी माझ्या तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. उठले, गोठ्यात गेले, आणि छातीएवढी पहार घेऊन आले. टोकाला ताजी धार होती.

"न्या. पर एक आट. ही परत आनून द्यायची न्हाई. पंदरा दिसांनी सुनंला पोचवायला मी येईन. खिडकी बगीन, आन मग माझी पहार घिऊन जाईन."

"या," मी म्हणालो.

लेक बाहेर आली. हातात पाण्याचा पेला होता. मी तो घेतला नाही, चाल ती चाल. तिनंही आग्रह केला नाही, पाणी माझ्या तांब्यात ओतलं, आणि मी तिला अडवलं नाही.

पहार खांद्यावर टाकली, तांब्या हातात घेतला, आणि स्टँडची वाट धरली.